जिथे आधार, तिथेच दाब

दुसऱ्याने सरळ वागावे अशी मागणी करण्याचा हक्क माणसाला कशामुळे मिळतो? बाप मुलाकडे ही मागणी करतो, उस्ताद शागिर्दाकडे करतो, जमातीचे वडीलधारे तरुणांकडे करतात आणि सरकार प्रजेकडे करते. मागणारा वयाने, पदाने किंवा नात्याने वरचा असला की हा हक्क त्याला आपोआप मिळतो, असे आपण गृहीत धरून चालतो. आम्हांला तो इतका आपोआप मिळणारा वाटत नाही. धर्मशास्त्राने आणि तत्त्वज्ञानाने या प्रश्नावर पुष्कळ सांगितले आहे, त्यातले काही पुढे येईलच. पण लोखंडाचे काम करणाऱ्यांचा एक साधा नियम या प्रश्नाला जितका नेमका भिडतो, तितके नेमके आम्हांला दुसरीकडे कमी आढळले. म्हणून आरंभ त्या नियमापासून करतो.

चांदूर बाजार हे आमचे गाव अमरावती जिल्ह्यातले, तालुक्याचे. ज्याच्या नावातच रेल्वे आहे ते चांदूर वेगळे, मुंबई-नागपूर मार्गावरचे. नरखेड-अमरावती मार्ग झाल्यापासून गाडी आमच्याकडेही येते, पण नाव बाजाराचेच राहिले. भोवती संत्र्याचे बगीचे आणि कपाशी. अशा मुलखात खराद मशीनचे दुकान दवाखान्याइतकेच गरजेचे असते. थ्रेशरचा शाफ्ट झिजतो, पंपाच्या बेअरिंगची जागा ढिली होते, ट्रॅक्टरच्या अवजाराची पिन ऐन पेरणीत तुटते, आणि शेतकरी तुटका तुकडा पिशवीत घालून दुकानाच्या दारात उभा राहतो. वऱ्हाडात या धंद्यात मुसलमान कारागीर बरेच दिसतात. मुसलमान कामगारांत पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त आहे, हे २००६ साली सच्चर समितीच्या अहवालाने आकड्यांनिशी दाखवले होते. आपल्याला ते अहवालाआधीही ठाऊक होते. आपल्या घराघरांत कोणाच्या ना कोणाच्या नखांत काळे ग्रीस असतेच.

या घरांतली पुढची मुले आयटीआय करून चाकणला, वाळूजला जातात. तिथल्या मोठ्या मशीनवर त्यांना पोलादी ठोकळ्यांची एक जोडी भेटते. एक इंच, दोन इंच आणि तीन इंच अशा तिच्या बाजू असतात, म्हणून तिला वन-टू-थ्री ब्लॉक म्हणतात. पाणी देऊन कडक केलेले पोलाद, त्यावर बारीक ग्राइंडिंग, सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात. चांगल्या जोडीतल्या दोन ठोकळ्यांत फरक असतो तो इंचाचे दहा हजार भाग केले तर त्यांतल्या दोन-तीन भागांचा. डोक्याच्या केसाची जाडी याच्या साधारण दहापट भरते. ज्या तुकड्यावर काम करायचे त्याला कारखान्यात ‘जॉब’ म्हणतात. हा ठोकळा जॉबला कापत नाही, घासत नाही, त्याला भोक पाडत नाही. तो फक्त जॉबच्या खाली किंवा बाजूला उभा राहतो. जॉब ज्यावर विसावतो ती जागा खरी असावी, एवढेच त्याचे काम.

एवढ्याशा कामासाठी इतका काटेकोरपणा का, हे एका उदाहरणाने कळेल. समजा, पोलादाची हातभर लांब प्लेट वरून सपाट करायची आहे. प्लेट किंचित कमानदार आहे. दोन टोके टेबलावर टेकली आहेत आणि मध्ये खाली ०.२ मिलिमीटरची फट आहे. नवखा कामगार मधोमध क्लँप ठेवतो आणि जोर लावून नट आवळतो. प्लेट दबते, टेबलाला चिकटते. कटर फिरतो, वरची बाजू आरशासारखी निघते. डायलचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी हलत नाही. काम फत्ते झाले असे वाटते. मग नट सैल होतो, आणि प्लेट आपल्या मूळ आकारावर परत येते. मधला भाग पुन्हा ०.२ मिलिमीटर वर उचलला जातो. पकडीत सरळ दिसलेली वस्तू सुटताच वाकडी निघते. प्लेटने फसवलेले नसते, कटरही चुकलेला नसतो. खाली पोकळी असताना वरून दाबले गेले, एवढेच झालेले असते.

जाणता कारागीर आधी पोकळी शोधतो. प्लेटखाली पातळ पात सरकवून पाहतो. जिथे फट आहे तिथे तेवढ्याच जाडीची पत्री घालतो, किंवा प्लेट ब्लॉकवर उचलून घेतो, आणि क्लँप बरोबर त्या ब्लॉकच्या डोक्यावर येईल असा ठेवतो. जिथे खाली आधार, तिथेच वरून दाब. वऱ्हाडातला उस्ताद पोराला हेच चार शब्दांत सांगतो: ‘आधी टेकव, मंग आवळ.’

आता हा नियम माणसांना लावून पाहू. ज्या ठिकाणी आपण कुणाला आधार दिलेला नाही, त्या ठिकाणी त्याच्यावर दाब टाकण्याचा हक्क आपल्याला आहे का?

शागिर्दाचे उदाहरण घ्या. पोराच्या हातून भोकात टॅप तुटतो आणि उस्तादाची चपराक बसते. दहा मिलिमीटरच्या साध्या आट्यांसाठी आधी साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. ते लहान झाले तर टॅप अडकून तुटणारच. हे त्या पोराला कुणी सांगितले होते का? बहुतेक वेळा नाही. ‘बघून बघून शीक’ असे सांगितलेले असते. उस्तादालाही त्याच्या उस्तादाने असेच शिकवलेले असते. चपराकेने पोरगा पुढच्या वेळी घाबरत काम करील, कदाचित टॅप वाचेलही. पण का वाचला हे त्याला कळणार नाही, आणि उस्ताद दुकानात नसेल त्या दिवशी तो पुन्हा तुटेल. ज्ञानाचा आधार न देता शिस्तीचा दाब दिला की ती शिस्त पकडीपुरती टिकते.

आपल्या परंपरेत या नियमाची मोठी उदाहरणे आहेत. हजरत उमर यांच्या खिलाफतीत हिजरी १८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३९ च्या सुमारास, अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. ते साल राखेचे साल म्हणून इतिहासात ओळखले जाते. त्या काळात चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा त्यांनी थांबवली, असे परंपरा सांगते. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये दुसरा प्रसंग नोंदलेला आहे. हातिब यांच्या घरच्या गुलामांनी मुझैना टोळीतल्या एका माणसाची उंटीण चोरून कापली. गुन्हा उघड होता आणि शिक्षेचा हुकूमही झाला होता. पण मालक या गुलामांना उपाशी ठेवतो असे दिसताच उमर यांनी निर्णय फिरवला. उंटिणीची किंमत चारशे दिरहम होती. त्यांनी मालकाला आठशे भरायला लावले. कायदा मोडीत निघाला नाही. खाली पोकळी होती तिथला क्लँप काढून त्यांनी तो जबाबदारीची भक्कम जागा होती तिथे ठेवला.

सूरह बकराची अखेर हेच सांगते की कुणावरही त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकला जात नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनीही कर्तव्याच्या मागे ते पार पाडण्याची क्षमता गृहीत धरली आहे. परंतु आमचा मुद्दा याहून थोडा वेगळा आहे. कुवत ही भार उचलणाऱ्याकडे पाहून ठरते. कारागिराचा नियम भार टाकणाऱ्याकडे पाहतो. समोरच्याला जमेल की नाही एवढे विचारून तो थांबत नाही. तू त्याच्या खाली काय ठेवलेस, असे तो विचारतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आधार नाही म्हणून माणसाला सगळे माफ करायचे का? ज्यांना आयुष्यात कुणीच आधार दिला नाही अशी कितीतरी माणसे सचोटीने जगतात. हमाली करून एक रुपयाही हरामाचा घरात न आणणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आधाराशिवाय माणूस सरळ राहूच शकत नाही असे म्हणणे हा त्यांचा अपमान ठरेल. माणूस म्हणजे पोलादाची प्लेट नव्हे. त्याच्या आत त्याचा स्वतःचा कणा असतो आणि त्याचा हिशेब त्याला स्वतःलाच द्यायचा असतो. हे सर्व आम्हांला मान्य आहे. म्हणूनच हा नियम जॉबसाठी नाही, पाना धरणाऱ्या हातासाठी आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उपाशी माणसाने चोरी करू नये हे त्याने स्वतःला सांगावे. ते सांगण्याचा अधिकार त्याला उपाशी ठेवणाऱ्याला नाही. हमालाची सचोटी ही हमालाची कमाई आहे. तिच्याकडे बोट दाखवून दुसऱ्या हमालाची मजुरी कापता येत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. मग दाब नकोच का? मुलांना मोकळे सोडावे, सगळे प्रेमाने होईल? कारखान्यात काम करणारा माणूस यावर हसेल. सैल पकडलेला जॉब कटरने उडवला तर शेजारच्याचे डोके फोडतो. पकड लागतेच, आणि पुरेशी घट्ट लागते. खाली खरा ब्लॉक असेल तर क्लँप निर्धास्त आवळता येतो, कारण तो दाब जॉबला न वाकवता सरळ आधारात उतरतो. ज्या बापाने मुलाच्या अभ्यासासाठी घरातला एक कोपरा मोकळा केला, स्वतःचा टीव्ही बंद केला, त्याचे रागावणे मुलगा ऐकून घेतो. त्याच्या रागाखाली काहीतरी आहे हे मुलालाही जाणवते.

लोखंड आणि माप यांची ही सोबत आपल्या ग्रंथाला परकी नाही. सूरह सबामध्ये हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. त्यांना चिलखते बनवण्याची, कड्या मापात जुळवण्याची आज्ञा होते आणि लगेच सत्कर्माचीही होते. सूरह हदीदमध्ये ग्रंथ, तराजू आणि लोखंड यांचा उल्लेख एकाच आयतीत येतो. आम्ही त्यातून एवढेच घेतो की लोखंडाचा जोर माणसाच्या हाती दिला गेला तो तराजूच्या सोबतीने. ज्याच्याकडे दाबण्याची ताकद आहे त्याने मोजण्याची तसदी आधी घ्यावी.

मोजायला गेले की अडचणी सुरू होतात. पहिली अडचण जोडीची. ब्लॉक जोडीने बनतात आणि जोडीनेच वापरावे लागतात. एका जोडीतला एक आणि दुसरीतला एक असे घेतले तर दोघांवर तेच माप कोरलेले असले तरी जॉब हलकासा तिरपा बसू शकतो. घरात असे अनेकदा होते. मुलाला शिकवणीसाठी अमरावतीला ठेवायचे, मुलीला ‘जवळ आहे ते बरे’ म्हणून गावात ठेवायचे, आणि निकालाच्या दिवशी दोघांना एकच प्रश्न विचारायचा. नुमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी देऊन पैगंबरांना साक्षी राहण्याची विनंती केली, तेव्हा सर्व मुलांना असेच दिले का, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. उत्तर नाही आल्यावर पैगंबरांनी साक्ष नाकारली. ही हदीस आपल्या वाअजांत वाटणीच्या संदर्भात सांगितली जाते. शिक्षणाच्या संदर्भातही ती सांगितली जावी असे आम्हांला वाटते.

दुसरी अडचण अशी की आधार खरा आहे हे ठरवायचे कोणी? जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोला सपाट पृष्ठभाग तयार करण्याची रीत मांडली. दोन प्लेटा एकमेकींवर घासून, खरवडून जुळवल्या तर त्या तंतोतंत जुळतात, पण सपाट असतीलच असे नाही. एक किंचित फुगलेली आणि दुसरी तेवढीच खोलगट असू शकते. दोघींचे एकमत होते आणि दोघीही चूक असतात. म्हणून तिसरी प्लेट लागते. तिघी जेव्हा आळीपाळीने एकमेकींशी जुळतात तेव्हाच तिघी सपाट असतात. आपल्याकडे बाप आणि उस्ताद यांचे एकमत असते की पोराला सगळे दिले, पोरगाच नालायक. सरकारी कचेरी आणि जमातीचा पुढारी यांचेही अनेकदा असेच जुळते. योजना आली होती, लोकांनीच घेतली नाही. त्या एकमतात तिसरी प्लेट नसते. ती म्हणजे ज्याच्यावर दाब आहे तो स्वतः. त्याला विचारल्याशिवाय आधार दिल्याचा दावा पुरा होत नाही.

तिसरी अडचण उन्हाची, ती तर खास आपली. मापाची वस्तू २० अंश सेल्सिअसला खरी धरायची, हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९३१ पासून आहे. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उष्णतेत शंभर मिलिमीटरचा पोलादी ठोकळा सुमारे ०.०२९ मिलिमीटरने वाढतो. पण पोलादाचा जॉबही त्याच उन्हात असेल तर तोही त्याच प्रमाणात वाढतो आणि तुलना बिघडत नाही. घोटाळा होतो तो ठोकळा थंड खोलीतून आणून उन्हात तापलेल्या जॉबला लावला तर. म्हणून दोघांना एकाच टेबलावर काही वेळ शेजारी ठेवतात आणि मगच मोजतात. गरिबाच्या वागण्याचे मोजमाप सावलीत बसून करणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते. मोहल्ल्यातली मुले शाळा का सोडतात यावर भाषण करण्याआधी त्या मोहल्ल्यात, त्या पत्र्याच्या खोलीत, त्या मुलांशेजारी काही काळ बसावे. दोघांचे तापमान एक होऊ द्यावे.

हा नियम आम्ही दोन्ही दिशांनी लावतो. मुसलमानांनी मुख्य प्रवाहात यावे, शिकावे, कायद्याने वागावे, अशी मागणी देश करतो, तेव्हा वस्तीतली शाळा, बँकेचे कर्ज आणि भाड्याने मिळणारे घर यांचा ब्लॉक त्या मागणीखाली आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि तोच हक्क आपल्या घरातल्या बाईला आपल्यासमोर आहे. अब्रू सांभाळ, घर सांभाळ, सबर कर, असा दाब आपण तिच्यावर टाकतो, तेव्हा तिच्या मेहेरची रक्कम, तिचा वारसा, तिची मिळकत यांतले आपण खाली काय ठेवले? पहिला प्रश्न मोठ्याने विचारणारे आपल्यातले अनेक जण दुसऱ्या प्रश्नाला गप्प होतात. दोन्हींकडे एकाच ठोकळ्याने मोजले नाही तर आपल्या तक्रारीला वजन येणार नाही. मापात कमी देणाऱ्यांविषयीची सूरह मुतफ्फिफीन हेच बजावते. घेताना पुरेपूर घेणारा आणि देताना मापात मारणारा, अशा माणसाची ती निर्भर्त्सना करते.

सतत पकडीत ठेवलेल्या वस्तूचा खरा आकार कुणालाच कळत नाही, हे सर्वांत काळजीचे आहे. धाकात वाढलेला मुलगा सरळ आहे की नाही हे बापाला ठाऊक नसते, आणि मुलालाही नसते. संशयाच्या दाबाखाली राहणाऱ्या समाजाचेही तेच होते. तो नेहमी काहीतरी सिद्ध करत असतो, आणि आपण कसे आहोत हे पाहायला त्याला सवड मिळत नाही.

यावर कारखान्यात एक उपाय आहे. महत्त्वाचा जॉब असला की आधी वरवरचे जाड काम करून घेतात. मग शेवटचा हात फिरवण्याआधी सगळे क्लँप सैल करतात. आतला ताण सुटतो, जॉबला जे वाकायचे ते तो वाकतो. डायल लावून तो बाक मोजतात, खाली जिथे पोकळी दिसेल तिथे पत्री घालतात आणि बेताने पुन्हा आवळतात. यात वेळ जातो आणि घाईच्या मालकाला ते आवडत नाही. तरीही चांगले काम असेच होते. मुलगा दहावीला बसण्याआधी, शागिर्द स्वतःचे दुकान टाकण्याआधी, मुलगी सासरी जाण्याआधी एकदा नट सैल करून पाहावा. तिथे जो बाक दिसेल त्याच्यावर चिडण्याआधी खाली वाकून पाहावे, फट कुठे राहिली ते.